कैलास कोणीं खोदला?

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या महाविद्यालयाची सहल वेरूळास गेली होती. सोळाव्या लेण्याच्या प्रांगणांत दगडी हत्तींच्या रांगेपाशीं उभे राहून आम्ही विद्यार्थ्यांस राष्ट्रकूटांविषयीं चार शब्द सांगत असतां एका चुणचुणीत मुलानें मध्येंच विचारलें, "सर, हें माणसांनीं केलेलें असणें शक्यच नाहीं, असें पुष्कळ जण म्हणतात. परग्रहावरून आलेल्या कोणीं तरी यंत्रानें हा डोंगर कापला म्हणे. तें खरें का?" बाकीचे हंसले. पण हंसणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या मुद्रेवरून असेंहि दिसत होतें कीं, प्रश्न त्यांच्याहि मनांत होता. विचारण्याचें धैर्य तेवढें याला झालें. त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर घाईचें होतें आणि, खरें सांगावयाचें तर, शिक्षकाच्या अधिकाराच्या जोरावर दिलेलें होतें. घरीं परतल्यावर तें आमचें आम्हांसच रुचेना. म्हणून हें मत ज्या ग्रंथांतून पसरलें ते पुन्हां काढून स्वस्थपणें वाचले. त्या वाचनावरून जें वाटलें तें येथें मांडीत आहों.

या मताचा प्रवर्तक म्हणून ज्याचें नांव सर्वतोमुखीं आहे तो एरिक फॉन डेनिकेन हा स्वित्झर्लंडमधील गृहस्थ व्यवसायानें हॉटेलचा व्यवस्थापक होता. त्याचा पहिला ग्रंथ १९६८ सालीं जर्मन भाषेंत निघाला. मूळ नांवाचा अर्थ 'भविष्याच्या आठवणी' असा होतो. इंग्रजी भाषांतर 'देवांचे रथ?' या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यांतील प्रश्नचिन्ह आमच्या पदरचें नव्हे. वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें, कारण सर्व ग्रंथाचा भार त्या एका चिन्हावर तोललेला आहे. कल्पना सर्वस्वीं त्याची होती असेंहि नाहीं. अमेरिकेंत चार्ल्स फोर्टनें १९१९ सालीं आणि फ्रान्समध्यें पोवेल्स व बर्जिए या जोडीनें १९६० सालीं तिचीं बीजें पेरून ठेविलीं होतीं. परंतु कोट्यवधि प्रती खपल्या त्या डेनिकेनच्या ग्रंथांच्या, आणि २०१० सालीं अमेरिकेंत सुरू झालेली 'एन्शंट एलियन्स' ही दूरचित्रवाणीवरील मालिका त्याच्याच पाऊलवाटेनें गेली. सिद्धांत थोडक्यांत असा कीं, पुरातन काळीं दुसऱ्या ग्रहांवरील प्रगत जीव पृथ्वीवर उतरले. अडाणी मानवानें त्यांस देव मानलें. आणि पिरॅमिड, नाझ्कच्या रेषा, ईस्टर बेटावरील पुतळे हीं सर्व त्या भेटीचीं स्मारकें होत.

आरंभींच एक गोष्ट मोकळेपणानें मान्य केली पाहिजे. प्रश्न वेडगळ नाहीं. विश्वाचा विस्तार पाहतां जीवसृष्टि पृथ्वीवरच असावी असें मानण्यास आधार नाहीं, आणि कोणी कधीं इकडे आलेंच नसेल असें छातीठोकपणें कोण सांगणार? डेनिकेनच्या आधीं दोन वर्षें, म्हणजे १९६६ सालीं, श्क्लोव्हस्की आणि कार्ल सेगन या दोघां ज्योतिर्विदांनीं आपल्या ग्रंथांत या शक्यतेचा विचार केला होता. बाबिलोनी परंपरेंतील समुद्रांतून येऊन माणसांस विद्या शिकविणाऱ्या ओआनेसची कथा तपासण्याजोगी आहे, असेंहि त्यांनीं म्हटलें. पण केवळ दंतकथेवरून कांहीं सिद्ध होत नाहीं, हेंहि त्यांनीं तेथेंच स्पष्ट केलें. शक्यता आणि पुरावा यांच्यामधलें हें अंतर विद्वान् पावलोपावलीं मोजतात. डेनिकेन तें एका उडींत ओलांडतो.

ती उडी कशी मारली जाते हें पाहणें साहित्याच्या अभ्यासकास उद्बोधक आहे. हा लेखक विधान क्वचितच करितो, तो विचारतो. 'असें तर नसेल?', 'कशावरून नाहीं?', 'पंडित गप्प कां?' अशा प्रश्नांची सरबत्ती पानोपानीं चालते. पहिल्या प्रकरणांत जो प्रश्न असतो तो तिसऱ्यांत गृहीत होतो आणि पांचव्यांत त्याच्यावर दुसऱ्या प्रश्नाचा मजला चढतो. विधान केलें तर तें खोडतां येतें. प्रश्नास कोण खोडणार? आमच्या वर्गांत एखाद्या विद्यार्थ्यानें निबंध असा लिहिला तर समासांत लाल शाईनें 'मग उत्तर काय?' एवढेंच लिहून आम्ही तो परत करूं. भाषा मात्र चटकदार आहे, हें नाकारतां येत नाहीं, आणि सामान्य वाचकास पंडितांच्या विरुद्ध आपल्या पक्षांत ओढून घेण्याची हातोटी तर अपूर्व आहे.

आपल्या देशांतलेंच एक उदाहरण घेऊं. दिल्लीच्या मेहरौलींतील लोहस्तंभ पहिल्या ग्रंथांत कोणत्याशा अज्ञात मिश्रधातूचा म्हणून मोठ्या थाटानें मिरविला आहे. सुमारें सोळाशें वर्षें उन्हापावसांत उभा असूनहि गंजत नाहीं, तेव्हां तो मानवी विद्येपलीकडचा! वस्तुतः स्तंभ घडीव लोखंडाचा आहे. तत्कालीन भारतीय भट्ट्यांतून निघणाऱ्या लोखंडांत स्फुरदाचा अंश अधिक राहत असे आणि त्यामुळें पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर जमतो, हें कानपूरच्या आय. आय. टी.मधील बालसुब्रमण्यम यांनीं सविस्तर दाखविलें आहे. खुद्द डेनिकेननें १९७४ सालच्या एका मुलाखतींत, आपली माहिती जुनी होती, स्तंभाची गोष्ट आतां सोडून द्यावी, अशी कबुली दिली. कबुली दिली हें त्याला भूषणावह आहे. परंतु कोट्यवधि वाचकांच्या मनांत रुतलेला स्तंभ त्या मुलाखतीनें थोडाच उपटला जातो?

मेक्सिकोंतील पालेंके येथें १९५२ सालीं पाकाल राजाची जी शवपेटिका उघडली तिच्या झांकणावरील चित्रांत डेनिकेनला यान चालविणारा अंतराळवीर दिसला. चित्र आडवें धरलें तर तसें दिसतें खरें. उभें धरलें कीं त्यांतील वृक्ष, शेंड्यावरील पक्षी आणि खालीं पाताळाचा जबडा हीं सर्व त्याच गांवच्या इतर मंदिरांतहि कोरलेलीं आढळतात, आणि झांकणाच्या कडेवरील लेखांत राजाच्या जन्ममृत्यूच्या तिथी आहेत. नाझ्कच्या प्रचंड आकृतींविषयीं एवढेंच सांगतों कीं, १९८२ सालीं जो निकेल या अमेरिकन संशोधकानें आपल्या घरच्या पांच-सहा माणसांनिशीं, खुंट्या आणि दोरी घेऊन, तेथील ४४० फूट लांबीचा गिधाडाचा आकार दीड दिवसांत केंटकींतल्या एका शेतांत हुबेहूब आंखून दाखविला.

पिरॅमिडांचें प्रकरण जरा निराळें आहे. तेथें डेनिकेनच्या मताचा पायाच उघडा पडतो. इजिप्तची संस्कृति एकाएकीं, तयार स्थितींत अवतरली, असें तो म्हणतो. पण तेथें तर शिकाऊ हातांच्या चुकाहि शाबूत आहेत. आधीं चौथऱ्यावर चौथरा रचून जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड झाला. मग मैदूम येथें सपाट बाजूंचा करण्याचा प्रयत्न फसला. दहशूर येथें काम अर्ध्यावर आल्यावर उतार फार तीव्र झाल्याचें ध्यानांत आलें आणि कारागिरांनीं वरचा भाग कमी कोनांत वळवून वेळ मारून नेली. तो वांकडा पिरॅमिड आजहि उभा आहे. तारामंडळें ओलांडून आलेल्या स्थपतीस कोन चुकतो आणि मग तो घाईघाईनें सुधारतो, ही कल्पना करून पाहावी!

याहून मौल्यवान पुरावा २०१३ सालीं मिळाला. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथें फ्रेंच संशोधक पिएर ताले यास पपायरसाचे तुकडे सांपडले. त्यांत मेरेर नांवाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारें चाळीस माणसांची तुकडी घेऊन तूरा येथील खाणींतला चुनखडीचा दगड नावेंत भरावयाचा, नाईलवरून गिझास न्यावयाचा, उतरवावयाचा, रिकामी नाव घेऊन परत फिरावयाचें, हा त्याचा नित्यक्रम. खुफू राजाचा महापिरॅमिड ज्या वेळीं पुरा होत आला त्या वेळची ही नोंद. साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या या गृहस्थानें आज कोठें माल चढविला, रात्रीं मुक्काम कोठें केला, हें रोजच्या रोज टिपून ठेविलें आहे. देवांच्या रथांविषयीं त्यानें एक अक्षर लिहिलेलें नाहीं.

आतां वेरूळ. येथें दोन आंकडे वारंवार फेकले जातात: ४ लाख टन दगड आणि १८ वर्षें. ऐकणाराची छातीच दडपते. आम्ही गणिताचे अध्यापक नव्हे, तरी बेरीज-गुणाकार येतो. कैलासाची खोदाई सुमारें २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागचा कडा १०७ फूट उंच. ही उंची केवळ मागची. पुढें डोंगर उतरता आहे. पण उतार विसरूं, मधलें मंदिर, हत्ती, ध्वजस्तंभ हे सर्व जागेवर शिल्लक आहेत हेंहि विसरूं, आणि सबंध चौकोनी पेटीच पोकळ केली असें धरूं. तरी ४५ लाख घनफुटांच्या आसपास दगड होतो. काळ्या पाषाणाचें वजन घनफुटास पावणेदोनशें पौंड धरलें तर तो साडेतीन-पावणेचार लाख टनांच्या मध्यें बसतो. म्हणजे बाजूच्या ओवऱ्या सोडल्या तर, जो दगड अजून देवळाच्या रूपानें उभा आहे तोहि उपसून नेल्याखेरीज ४ लाखांचा आंकडा भरत नाहीं!

तरीहि प्रतिपक्षाचाच आंकडा मान्य करूं. १८ वर्षें आणि वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर रोजचे ७४ टन होतात. पाथरवट ५०० धरले तर माणशीं दीडशें किलो, दोन घनफुटांहूनहि कमी. आणि हा दगड कांहीं कणाकणानें झिजवावयाचा नव्हे. भोंवतीं चर खणून ठोकळेच्या ठोकळे सुटे करावयाचे असतात. हें काम कष्टाचें आहे, पिढीचें आयुष्य खाणारें आहे. अशक्य मात्र नाहीं. शिवाय अठरा वर्षांची मर्यादा घातली कोणीं? हें काम एकाहून अधिक राजांच्या कारकीर्दींत चाललें असावें, असें मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत.

काळा पाषाण मानवी हत्यारास दाद देत नाहीं, असा एक आक्षेप आम्हीं ऐकला आहे. आक्षेपकांच्या घरीं पाटा-वरवंटा नसावा. आमच्या लहानपणीं दुपारच्या वेळीं दारावर टाकी लावणारी बाई येत असे. कडेवर पोर, हातांत हातोडी आणि लोखंडी छिणी. ओटीवर बसून ती घटकाभरांत पाट्याचा झिजलेला काळा दगड ठिपक्याठिपक्यांनीं पुन्हां खरबरीत करून देई, आणि आई तिला पसाभर धान्य देत असे. तो दगड सह्याद्रीचाच, वेरूळचाहि तोच. आणि लोखंड या देशीं नवें नव्हतें. नागपूरजवळ नाईकुंड येथें लोखंड गाळण्याची जी भट्टी उत्खननांत निघाली ती कैलासाच्या आधीं हजाराहून अधिक वर्षांची आहे.

पण आमच्या मतें सर्वांत बळकट पुरावा अपुऱ्या कामांचा आहे. अजिंठ्याचें २४ वें लेणें अर्धवट राहिलें. तेथें पद्धति जशीच्या तशी दिसते: आधीं खडकांत अरुंद गल्ल्या पाडावयाच्या, मग मधल्या भिंती फोडावयाच्या, खांब ओबडधोबड ठेवून पुढें कोरावयाचे. भाजें येथें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत लेणीं खोदणारे हात आणि कैलास खोदणारे हात यांच्यामध्यें नऊशें वर्षांची अखंड तालीम आहे. कैलासाचा आराखडाहि आकाशांतून पडलेला नाहीं. पट्टदकल येथें चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिनें आठव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या सुमारास बांधविलेल्या विरूपाक्ष मंदिराशीं त्याचें साम्य डोळ्यांत भरतें. आणि कैलासानंतर वेरूळासच जैन लेण्यांत त्याची एक लहान, पुरी न झालेली नक्कल झाली, तिला छोटा कैलास म्हणतात. यांपैकीं कोणतें काम पाहुण्यांचें आणि कोणतें आमचें, हें या सिद्धांतवाद्यांनीं एकदां वांटून द्यावें.

येथें आमच्याकडेहि थोडें बोट वळतें. डेनिकेन जन्मण्यापूर्वीं शेकडों वर्षें आम्हीं आमचीं लेणीं पांडवांस देऊन टाकलीं होतीं. नाशकास पांडवलेणीं, आणि मराठी मुलुखांत ठिकठिकाणच्या जुन्या देवळांविषयीं 'एका रात्रींत बांधलें, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला' ही कथा कोणीं ऐकली नाहीं? तथापि या कथांत आणि डेनिकेनच्या ग्रंथांत एक फरक आहे. कथा कथा म्हणूनच सांगितली जाते आणि पुष्कळदां तिच्या पोटांत खरें कांहीं तरी असतें. 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथांत वेरूळच्या देवळाची हकीकत आहे. शिखर पाहिल्यावांचून अन्न घेणार नाहीं, असा राणीनें नेम केला. सगळे स्थपति हतबुद्ध झाले. तेव्हां पैठणच्या कोकास नांवाच्या कारागिरानें शिखरापासूनच आरंभ केला आणि राणीचें व्रत पुरें झालें. कैलास वरून खालीं खोदीत आणलेला आहे हें आज स्थापत्याचे जाणकार सांगतात. ती गोष्ट या भाबड्या कथेनें जपून ठेविली होती.

कोणी म्हणेल, एवढें कशाला मनावर घ्यावें? करमणुकीचीं पुस्तकें आहेत, लोक वाचतील आणि विसरतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्टोनहेंजचा अपवाद सोडला तर या सिद्धांतवाद्यांचीं बहुतेक आवडतीं उदाहरणें युरोपबाहेरचीं आहेत: इजिप्त, पेरू, मेक्सिको, हिंदुस्थान. शार्त्रच्या ख्रिस्तमंदिरास परग्रहवासी लागत नाहींत, वेरूळास लागतात! असल्या तर्काचा दुसरीकडे कसा उपयोग झाला, हें आफ्रिकेंतील ग्रेट झिंबाब्वेच्या इतिहासांत पाहावें. १८९१ सालीं तेथील दगडी अवशेष पाहून थिओडोर बेंटनें ते उत्तरेकडून आलेल्या परकीयांचे ठरविले. १९०५ सालीं रॅन्डल-मॅकायव्हरनें आणि १९२९ सालीं गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईंनीं ते तेथील आफ्रिकन लोकांचेच असल्याचें उत्खननानें दाखविलें. तरीहि ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राजवटीस तें सत्य अखेरपर्यंत पचलें नाहीं. १९८० सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां त्यानें त्या अवशेषांचेंच नांव धारण केलें.

आणि आमच्यांतील जे लोक परग्रहवासीयांस हंसतात, पण प्राचीन ऋषींच्या विमानांवर श्रद्धा ठेवितात, त्यांस तरी काय म्हणावें? भरद्वाजांच्या नांवावर चालणारें 'वैमानिक शास्त्र' सुब्बराय शास्त्री यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागांत सांगून लिहविलें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं तें तपासलें. त्यांच्या मतें संस्कृत अर्वाचीन, आणि वर्णिलेलीं यानें उडणें अशक्य. इतकें होऊनहि जानेवारी २०१५ मध्यें मुंबईस भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्यें प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. वास्तविक दक्षिणेकडील शिल्पशास्त्रांत 'विमान' म्हणजे देवळाचें गर्भगृह आणि त्यावरील शिखर. त्या अर्थानें हिंदुस्थानांतलें एक अत्यंत भव्य विमान वेरूळास उभें आहे. तें सोडून न उडालेल्या विमानांचा अभिमान बाळगणें ही चमत्कारिक आवड म्हटली पाहिजे. दोन्ही पक्ष वरवर परस्परविरोधी दिसले तरी टांकी धरणाऱ्या हातांकडे दोघांचीहि पाठच आहे.

सहलीहून परतल्यावर पंधरा दिवसांनीं तो विद्यार्थी आमच्या घरीं आला, तेव्हां आम्हीं त्याला बडोद्याच्या ताम्रपटाची हकीकत सांगितली. राष्ट्रकूटांच्या गुजराथ शाखेंतील कर्क सुवर्णवर्ष यानें शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२ च्या सुमारास, दिलेल्या या दानपत्रांत कृष्णराजाच्या एलापूर येथील देवळाचें वर्णन आहे. तें वेरूळचें कैलास मंदिरच होय, असें डॉ. रा. गो. भांडारकरांनीं १८८३ सालीं प्रतिपादिलें. मंदिर होऊन तेव्हां चाळीस-पन्नास वर्षें झालीं असतील. त्या वर्णनांत आकाशगामी विमानें आहेत! पण त्यांत बसलेले देव मंदिर बांधीत नाहींत. ते वरून जातां जातां थबकतात आणि हें स्वयंभूच असलें पाहिजे, घडविलेल्या वस्तूंत एवढी शोभा कोठून येणार, असें म्हणून चकित होतात. आणि ज्यानें तें खरोखर घडविलें तो शिल्पी, पुन्हां तसें दुसरें करूं जातां बळ पुरेना म्हणून, हें आपल्या हातून झालें तरी कसें, या विचारांत पडतो.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, त्या शिल्प्याचें नांव काय?"

तें ताम्रपटांत नाहीं. राजाच्या पूर्वजांचीं नांवें आहेत, दान घेणाराचें आहे. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर मात्र तें बांधणाऱ्या गुंड अनिवारिताचारीचें नांव कोरलेलें आहे, हें आम्हीं त्याला सांगितलें. आणि वेरूळच्या बाबतींत आपल्यापाशीं कथेंतला पैठणचा कोकास तेवढा आहे. त्यानें दोन्ही नांवें वहींत उतरून घेतलीं.